वीरभद्राची कात्री

"दुकान बंद केलंस म्हणजे सुटलास का रे?"

अप्पांनी हे विचारलं तेव्हा दुकानाची किल्ली त्यांच्या पायांजवळ पडली होती. वीरभद्र समोर हात जोडून बसला होता.

"सुटलो असं नाही, अप्पा. पण मला आता ते दुकान नको. किल्ली तुम्ही ठेवा."

अप्पांनी किल्लीला हात लावला नाही.

वीरभद्राचे गुरू, गुरुलिंग अप्पा, माळावरच्या मठात एकटेच राहायचे. वय ऐंशीच्या पुढे. खालच्या बाजारगावातल्या एस.टी. स्टँडसमोर वीरभद्र हत्तुरेचं औषधाचं दुकान होतं, तीस वर्षांचं. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. सुरुवातीला तो 'मी डॉक्टर नव्हे हो' म्हणायचा, पुढे म्हणेनासा झाला.

"माझ्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलेला नाही," हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, आणि ते खरंही होतं. कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाच्या पोराला जुलाब. वीरभद्र चिठ्ठी मागायचा नाही. शर्टाच्या खिशातून छोटी कात्री काढायचा, अँटिबायोटिकच्या स्ट्रिपमधून दोन कॅप्सूल कापायचा आणि कागदात बांधून द्यायचा.

"दोन घे. बरं वाटलं तर तोंड दाखवू नकोस."

माणसं हसत जायची. त्यांना बरंही वाटायचं.

ती कात्री आजही त्याच्या खिशात होती. नमस्कार करायला वाकला तेव्हा छातीला टोचली होती.

"ईश्वरी कशी आहे?" अप्पांनी विचारलं.

ईश्वरी म्हणजे वीरभद्राच्या मुलीची, सुवर्णाची लेक. सात वर्षांची. दिवाळीनंतर तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात उपचार चालू होते. त्या औषधांनी कॅन्सर हटत होता, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही खाली गेल्या होत्या. अंगात जंतूंशी लढायची ताकद उरली नव्हती. अशात तिला ताप चढला, आणि सहा दिवस झाले तरी तो उतरत नव्हता.

वीरभद्राने घडी घातलेला रिपोर्ट काढला.

"तिच्या रक्तात जंतू सापडले. त्यांच्यावर बारा औषधं लावून बघितली. जंतू ज्या औषधाला दाद देत नाहीत, त्याच्यापुढे आर लिहितात."

अप्पांनी चष्मा लावला. बोट कागदावरून हळूहळू खाली नेलं.

"आर... आर... हाही आर..."

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"आणि हे?"

"ते एकच उरलंय. सलाइनमधून देतात. त्याने मूत्रपिंडाला त्रास होतो, पण दुसरं काही नाही. काल चालू केलंय. लागू पडतंय की नाही ते परवा कळेल."

"तू बघितलंस तिला?"

"काचेतून. सुवर्णाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. मी पेरू नेले होते तिच्यासाठी. सिस्टर म्हणाली, आजोबा, पेरू तुम्हीच खा, आणि काचेला हात लावू नका."

वीरभद्राने रिपोर्ट परत घेतला.

"तिने मला बघितलं, अप्पा. डोक्यावर केस नाहीत, नाकाला मास्क. हात उचलवत नव्हता तरी उचलला. दोन बोटांची कात्री केली आणि अशी... अशी हवेत चालवली. सुट्टीत आली की माझ्या काउंटरवर बसून हाच खेळ खेळते ती. दोन घ्या, दोन घ्या म्हणत."

...

"हे जंतू तुझ्याच कात्रीतून गेले असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही. मी विचारलं त्यांना. म्हणाले, पाण्यातून, हातातून, इस्पितळातून, कुठूनही येतात. गावोगाव अर्धवट औषधं घेऊन असे जंतू तयार झालेत. एकाचं नाव घेता येत नाही."

"मग तू कशाला घेतोस तुझं नाव?"

"कुणीच घेत नाही, अप्पा. म्हणून तर... या बारातली सहा औषधं माझ्या कपाटात आहेत."

अप्पा भिंतीला धरून उठले. कोनाड्यात विभूतीशेजारी एक पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी खाली आणला आणि झाकण काढून वीरभद्रासमोर उपडा केला.

स्ट्रिपचे तुकडे पडले. एकेका गोळीचे, कॅप्सूलचे. काही चांदीसारखे चकचकीत, काही काळे पडलेले.

कापलेल्या कडा वीरभद्राने लगेच ओळखल्या. त्याच्या कात्रीचं एक पातं टोकाला वाकलेलं होतं. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात तो जरासा बाक होता.

"वाच," अप्पा म्हणाले.

"नावं अर्धीच आहेत, अप्पा. कापताना तुटलीत."

"पुरी नावं तुझ्या कागदावर आहेत. जुळवून बघ."

वीरभद्राने एक तुकडा उचलला, रिपोर्टशी धरला.

"हे आर."

दुसरा उचलला.

"हेही."

तिसरा त्याने नुसताच हातात धरला.

"या गोळ्या तुम्ही घेतल्याच नाहीत?"

"तू दोन द्यायचास. मी एक घ्यायचो. बरं वाटायचं. उरलेली टाकवेना, तू मायेने दिलेली. मग कुणी बाई अंगात ताप घेऊन मठात आली की विभूतीबरोबर यातलीच एक द्यायचो."

"अप्पा, तुम्ही?"

"मीच. तू कापायचास, मी वाटायचो. लोक दोघांच्याही पाया पडायचे."

बाहेर लिंबाखाली अप्पांची गाय कान हलवत उभी होती. तिच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली आणि थांबली.

"तर मग मठालाही कुलूप लावू?" अप्पांनी विचारलं.

"तुमचं वेगळं आहे."

"कसं ते सांग."

वीरभद्राने हातातला तुकडा खाली ठेवला.

"मला प्रायश्चित्त सांगा, अप्पा. उपास सांगा, अनवाणी फिरायला सांगा. काहीही."

अप्पांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत राहिले. मग पदराने पुसावं तसं उपरण्याने तोंड पुसलं.

"तीन दिवस झाले हा खोकला पाठ सोडत नाही. सोमवारी माणसं येणार, प्रवचन आहे." त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "दोन दे."

वीरभद्राचा हात खिशात गेला. तीस वर्षं जात होता तसाच, आपोआप. खिशात लाल-पिवळ्या कॅप्सूलची स्ट्रिप होती. मठात येताना अप्पांसाठी तो ती नेहमीच आणायचा. कात्री बाहेर आली. अंगठा कडीत गेला. पाती उघडली.

...

पाती तशीच उघडी राहिली.

"ताप आहे का, अप्पा?"

"नाही."

"दम लागतो? छातीत दुखतं?"

"नाही रे. खोकला आहे म्हटलं ना. दोन दे."

"सकाळी येतो आणि तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेतो. डॉक्टर छाती तपासतील. त्यांनी लिहून दिलं तर पुरी स्ट्रिप देईन आणि पुरी संपवायला लावीन. आज गरम पाणी प्या."

"गरम पाणी?" अप्पा म्हणाले. "गरम पाणी द्यायला मला डॉक्टर कशाला हवा?"

वीरभद्राने कात्री मांडीवर टेकवली.

"तीस वर्षांत मला नाही म्हणाला नाहीस."

"कधीच नाही."

"गावात कुणालाही नाही म्हणाला नाहीस."

"नाही."

"आणि आज गुरूला म्हणतोस."

"हो, अप्पा."

"मी रागावेन."

"रागवा."

"स्टँडवर दुसरं दुकान आहे. तिथून आणवीन."

"आणवा. मला अडवता यायचं नाही. पण माझ्या हातून नाही."

तळहात पुढे होता तो पुढेच राहिला. वीरभद्राला तो बघवेना, पण त्याने मानही फिरवली नाही. कात्री मिटली. स्ट्रिप अख्खीच खिशात परत ठेवली.

मग अप्पांनी तोच हात खाली नेला. जमिनीवरची किल्ली उचलली, उपरण्याने पुसली आणि वीरभद्राच्या हातात ठेवली.

"पाचची गाडी यायची वेळ झाली. माणसं उतरतील, दोन मागतील," अप्पा म्हणाले. "जा. दुकान उघड."