तेंग हुआतच्या हवेलीचं बंद महाद्वार

मलेशियातल्या एका जुन्या खाणगावात तेंग हुआत नावाच्या चिनी व्यापाऱ्याची हवेली आहे. महाद्वार दोन पुरुष उंच, सोनेरी नक्षीचं. पण लाय आजी पाहुण्यांना मागच्या अंगणातून, स्वयंपाकघराच्या दारानं आत नेतात. आजी या घरच्याच सून. "वाकून या, चौकट ठेंगणी आहे," म्हणतात आणि चुलीपाशी उभ्या राहून सांगू लागतात.

दीडशे वर्षांपूर्वी इथे कथिलाच्या खाणी होत्या. पाण्याच्या पाटावरून खाणकामगारांच्या दोन टोळ्यांत वैर पेटलं. वरच्या टोळीचा पोशिंदा तेंग हुआत. एका भर दुपारी त्याची माणसं खालच्या वस्तीवर तुटून पडली. झोपड्या पेटवल्या, दिसेल त्याला कोयत्यानं तोडलं. वाचले ते जीव घेऊन पळाले आणि, म्हणे, थेट या हवेलीपाशी आले. आसऱ्याला दगडी भिंती गावात दुसऱ्या नव्हत्याच.

तेंग हुआतनं स्वतःच्या हातानं महाद्वाराला अडसर घातला.

त्याची बायको स्यू लान चुलीपुढे होती. आधी दारावर मुठी आपटल्या, मग कोयते, मग काहीच नाही. उंबरठ्याखालून रक्त चौकात आलं, तशी ती उठली. मागचं दार उघडून हाताला लागले तेवढे तिनं आत ओढले. सात जण. एकानं आपलं फाटलेलं पोट दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

मारेकरी वळसा घालून मागच्या दाराशी आले. सर्वांत पुढे तिचाच मुलगा, बून.

"आई, बाजूला हो."

"जखमी आहेत रे. माझ्या घरात आलेत."

"माझे सोबती मारलेत त्यांनी!"

ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. बूननं तिच्या खांद्यावरून आतल्या माणसावर वार केला; तो चुकला आणि तिचा डावा हात मनगटापासून तुटून पडला. ती किंचाळली, पण उजवा हात चौकटीवरून काढला नाही, असं सांगतात. बूनच्या हातून कोयता गळाला. तो कमरेचा पट्टा सोडून आईच्या हाताला बांधू लागला. बाकीचे निघून गेले.

स्यू लान जगली. उठून बसता आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "त्या दारानं आता मी येणार-जाणार नाही. तुम्हीही नाही." तेंग हुआतला नाही म्हणायचा धीर झाला नाही. गाव ज्याच्यापुढे वाकायचं तो माणूस वीस वर्षं या चौकटीतून वाकून गेला.

तो मेला तेव्हा जाड लाकडाची शवपेटी इथून निघेना. भाऊबंद महाद्वाराचा अडसर काढायला धावले. बूननं कुदळ घेतली आणि स्वयंपाकघराची भिंतच फोडली.

आजही त्या दगडी भिंतीत तेवढाच भाग विटांचा दिसतो. आजही या घरची नवी सून चुलीकडच्या दारानंच आत येते. एखादा पाहुणा म्हणतो, महाद्वार एकदा उघडून दाखवा ना.

"दाखवलं असतं," आजी म्हणतात, "पण त्या दुपारी बाहेर जे उभे होते, त्यांना विचारायचं राहिलंय."