बोडीतल्या गवताची राखण

एका गावात एक भोळा राखणदार होता. गाव आमचं आणि राखणदार मी. भोळा हा शब्द गाव माझ्या तोंडावर वापरतं. पाठीमागे दुसरा वापरतं. तो मला माहीत आहे, कारण माझी बायको सेवंता तो तोंडावरच वापरते.

आम्ही ढिवर. गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मासे धरणं हे आमचं काम. बोडी मच्छीमार संस्थेची. जो सभासद असेल त्यालाच होडी मिळते आणि जाळं मिळतं. माझ्या बापाचं नाव संस्थेत होतं. तो गेल्यावर माझं लागायला हवं होतं, पण अध्यक्ष लटारूभाऊ म्हणाले, आधी काम पाहू. त्यांनी मला एक फाटकं जाळं दिलं आणि सांगितलं, "याची भोकं बुजव." मी चार दिवस बसून बुजवली. एकही ठेवलं नाही. लटारूभाऊंनी ते जाळं उलटंपालटं करून पाहिलं आणि पांघरायला घरी नेलं.

चाळिशी आली तरी मी काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या होड्या ढकलून देत होतो. याचं मला फार वाईट वाटायचं. उगाच कशाला लपवू?

त्या वर्षी बोडीत मासा एकदम कमी झाला. बायकांच्या गटाची पुढारी फुलवंताकाकी. तिने संस्थेच्या बैठकीत सांगितलं, "पाण्यातलं गवतच संपलं. मंग मासोळी अंडे कुठं घालन?" मग तिने आणि गटातल्या बायकांनी उन्हाळ्यात बोडीच्या उथळ बाजूला नांगर फिरवला, दुसऱ्या तळ्यातून गवताची मुळं आणली आणि ओल्या चिखलात लावली. पावसाचं पाणी चढलं तसं गवत पाण्याखाली गेलं. आता त्याला राखणदार हवा होता. बाकी सगळ्यांना कामं होती, म्हणून काकीने माझं नाव घेतलं.

लटारूभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "ठीक हाय. कार्तिकात आम्ही पाच जणं येऊन पाहू. गवत डोळ्यानं दिसलं, त डोमाचं नाव लागलं. नाही दिसलं, त पुन्हा विषय काढायचा नाही."

काकीने मला काठावर नेलं. "डोमा, गवतावरून नजर हटवू नको बरं."

मी ते लक्षात ठेवलं. बोराच्या झाडाखाली बसलो आणि गवताकडे पाहू लागलो. दुपारी सात म्हशी पाण्यात शिरल्या. त्यांनी गवत खाल्लं, उरलेलं तुडवलं, वर मनसोक्त लोळल्या. मी नजर हटवली नाही.

संध्याकाळी काकी आली. अर्धं गवत गेलेलं, पाणी चहाच्या रंगाचं झालेलं.

"म्हशी आल्या तवा तू कुठं होता?"

"इथंच."

"मंग काय करून राहिला होता?"

"पाहून राहिलो होतो. पहिल्यांदा काळी म्हैस आली, मंग तिच्या मागून वाकड्या शिंगाची."

काकीने कपाळाला हात लावला. "अरे बावा, पाण्यात कोणी शिरलं की काठी घेऊन हाकलायचं. पाणी ढवळलं की गढूळ होते. गढूळ पाण्यातून ऊन खाली जात नाही, अन् उन्हाबिगर गवत मरते."

मी ते लक्षात ठेवलं. एक चांगली बांबूची काठी तोडली. दोन दिवसांनी बारा जणी डोक्यावर टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. पाणी गढूळ होऊ लागलं. मी काठी घेऊन धावलो. अकरा जणी पळाल्या. बारावी पळताना चिखलात बसली. ती काकी होती. टोपल्यांत नव्या लावणीची मुळं होती.

काकीने तोंडावरचा चिखल पुसला. "डोमा, आम्ही आपलेच हाव ना रे. ज्याले गवत पायजे, तो आपला. त्याले नाही हाकलायचं. त्याले मानानं आत घ्यायचं."

मी तेही लक्षात ठेवलं. आठ दिवसांनी एक फिरता बीजवाला, म्हणजे तळ्यात सोडायचे मासे विकणारा, टेम्पो घेऊन आला. टेम्पोत मोठाले डबे आणि डब्यांत मासे.

"कोणते मासे होय?" मी विचारलं.

"गवत्या. चांगले वीतभर झालेत."

"यांले गवत पायजे का?"

"पायजे म्हणजे? दिवसरात गवतच पायजे. दुसरं काही मागत नाहीत."

गवताची एवढी ओढ काकीलाही नव्हती. मी बीजवाल्याला बसायला घोंगडी दिली आणि सगळे डबे माझ्या हाताने बोडीत रिकामे केले. पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून अगदी गवताजवळ सोडले.

गवत्या मासे आपल्या जिभेला जागले. पुढचे दोन दिवस संस्थेची सगळी माणसं जाळी टाकून त्यांना बाहेर काढत होती. एका बाजूला गवताचा एक पट्टा तेवढा उरला. लटारूभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. काकी मात्र बोलली. तिने उरलेल्या पट्ट्याभोवती बांबू रोवून जाळं ताणलं आणि मला दाखवलं. "पाह्य. खाणारा अन् खाणं, यायच्या मधात जाळं बांधायचं. मंग सगळं शाबूत राहते. कळलं?"

कळलं. त्या रविवारी माझे सासरे आले. सेवंताने माशाचा रस्सा केला, भात वाढला. सासरे पाटावर बसले. मी कोपऱ्यातलं जाळं आणलं आणि सासरे व ताट यांच्यामध्ये या खांबापासून त्या खुंटीपर्यंत ताणून बांधलं.

"जावई, हे काय होय?"

"सगळं शाबूत राहते, मामाजी."

सासरे गरीब स्वभावाचे. त्यांनी जाळ्यातून दोन बोटं घालून थोडा वेळ भात खाल्ला. रस्सा काही येईना. मग ते उठले, टोपी घातली आणि चालत आपल्या गावाला गेले.

त्या दिवशी सेवंताने तो दुसरा शब्द बरेचदा वापरला. मग दमून म्हणाली, "कोणाले जेवू घालायचं त हात राखायचा नाही. पोटभर वाढायचं. तो नको म्हणला तरी वाढायचं."

मला माझीच लाज वाटली. सासऱ्यांचं सोडा, मी आजवर गवताला एकदाही जेवू घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अकरा पाट्या शेण बोडीत टाकलं. गवत नको म्हणालं नाही. मग घरातलं युरियाचं अर्धं पोतं टाकलं. शेजाऱ्याचंही अर्धं पडलेलं होतं, तेही वाढलं. आठ दिवसांत सगळं पाणी हिरवंगार झालं. मी काकीला हाक मारून आणलं. मला वाटलं होतं, ती पाठ थोपटेल.

काकी काठावर उकिडवी बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "डोमा, हे गवत नाही होय. हे शेवाळ होय. तू खत टाकलं, ते यानं खाल्लं. आता हे वर पसरलं अन् खाली अंधार झाला. गवत उपाशी राहून जगते, अंधारात नाही जगत." तिने डोळ्यांना पदर लावला. "कार्तिकाले महिना राहिला. मी तुह्यासाठी सगळ्यायसंगं भांडली रे. आता एकच कर. गवताच्या वर जे जे उजेड अडवते, ते ते काढून टाक."

काकी रडली, तीही माझ्यापायी. या वेळी चुकायचं नाही, असं मी ठरवलं. मी आणि सेवंता रोज धोतराच्या फडक्याने शेवाळ गाळून काढत होतो. पंधरा दिवस काढलं. काठावरच्या बेशरमीच्या झुडपांच्या फांद्या पाण्यावर झुकल्या होत्या, त्या तोडल्या. तिथे बांधलेली होडी ओढून दूर नेली. बोराच्या झाडाची सावली सकाळी पाण्यावर पडायची, म्हणून त्या बाजूचं झाडही छाटलं.

मग सगळा मोहल्ला दोन दिवस लग्नाला परगावी गेला. काकी गेली, सेवंताही गेली. परवा पाच जण पाहणीला येणार होते. मी एकटाच काठावर बसून विचार केला. विचार करण्याची मला सवय नाही, पण त्या दिवशी केला. शेवाळ काढलं, फांद्या काढल्या, होडी काढली, सावली काढली. तरी खालचं गवत नीट दिसत नव्हतं. मग गवताच्या वर आता उरलं काय?

पाणी.

मी बांधावर गेलो आणि तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, दट्टी उपसून काढली.

बोडी लहानच. दोन दिवसांत रिकामी झाली. पाणी पाटाने खालच्या गावाच्या शेतांत गेलं आणि पाण्याबरोबर मासेही गेले. खालच्या गावात ते दोन दिवस घरोघर माशाचं कालवण होतं. तिथले लोक माझं नाव अजून आदराने घेतात.

ठरल्या दिवशी पाच जण बांधावर चढले. त्यांच्यामागे लग्नाहून परतलेला मोहल्ला होता. मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभा होतो.

पाच जणांनी आधी बोडीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"पाणी कुठं गेलं?" लटारूभाऊंनी विचारलं.

"काढलं. तेच उजेड अडवून राहिलं होतं."

"अन् मासे?"

"ते पाण्यासंगं गेले. मी त्यायले काही म्हटलं नाही."

काकी बांधावर मटकन खाली बसली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही विचारायची हिंमत झाली नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पाच जणांसमोर उभी राहिली.

"लटारूभाऊ, तुम्ही काय बोलले होते? गवत डोळ्यानं दिसलं त नाव लावू. दिसते का नाही?"

पाचही जणांनी वाकून पाहिलं. चिखलावर गवत आडवं पसरलं होतं, हिरवं, लांबच लांब, जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोडीतलं गवत इतकं स्पष्ट आमच्या गावात आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

लटारूभाऊ शब्दाचे पक्के. "दिसते," ते म्हणाले. तिथेच वही मागवली आणि बापाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. मग वही मिटून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घे. झाला सभासद. आता काढ होडी अन् धर मासे."

सगळे मान खाली घालून घरी गेले. सेवंताही गेली. मी गेलो नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी नव्या सभासदाला पहिलंच काम सांगितलं होतं.

मी होडी ओढत बोडीच्या मधोमध चिखलात आणली, आत चढलो, जाळं खांद्यावर घेतलं आणि वल्हं मारू लागलो. दिवस मावळेपर्यंत मारत होतो. होडी बोटभरही सरकली नाही. पण होडीत बसलेला सभासद मीच होतो, आणि माझ्यासाठी ती कोणाला ढकलावी लागली नव्हती.