बाहेरून ठोकलेला खिळा

दार उघडंच राहू द्या, अजून उजेड आहे. उजेड आहे तोवर सांगून होईल.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आजनवाही हे गावच नव्हतं तेव्हा, इथं नुसतं रान होतं. हा तलाव नव्हता, ही पाळ नव्हती, देऊळ तर नव्हतंच. मोह, ऐन, बेहडा अशी झाडं एकमेकांना खेटून उभी असत आणि भर दुपारीही खाली ऊन शोधावं लागे. त्या रानात वाघ होते, अस्वलं होती आणि आणखी एक काहीतरी होतं. त्याला नाव नाही. आम्ही त्याला नुसतं ‘ते’ म्हणतो, आणि तेवढंही दिवस मावळल्यावर म्हणत नाही. ते दिसत नसे. ते हाक मारत असे. आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारत असे, असं म्हणतात.

अशा या रानाच्या तोंडाशी कोरड्या मुलखातून काही घरं आली. बैलगाड्यांत बियाण्याची मडकी होती, बायकापोरं होती, कोंबड्या होत्या. पुढारी होता हिराजी, पुढं लोक त्याला पाटील म्हणू लागले. आज गावात जे स्वतःला मूळ मालक म्हणवतात आणि लग्नाच्या पहिल्या पंगतीसाठी भांडतात, ते सगळे त्याच गाड्यांतून उतरलेल्यांच्या वंशातले. मीही त्यातलाच आहे, म्हणून मला बोलायला कुणाची चोरी नाही.

पण जमीन रिकामी नव्हती हो. तिथं बुधाबाई राहत होती. रानातल्या लोकांपैकी होती. तिचा नवरा भुमक होता, म्हणजे गावाची शीव बांधणारा. शीव बांधली की रानातलं काही आत येत नाही. नवरा गेल्यावर ती विद्या बुधाबाईकडे आली होती. हिराजी तिच्या खोपट्यापुढं जाऊन हात जोडून उभा राहिला.

“माय, आमाले वसू दे,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “बांधून देतो. पण बांधलं तेवढंच तुमचं. त्याच्याबाहेर एक काडी मोडायची नाई.”

मग ती चालली. एका हातात तांदूळ, दुसऱ्या हातात हातोडा, कमरेला लोखंडी खिळ्यांची झोळी. झाडामागून झाडाला खिळा ठोकत तिनं सगळ्या वस्तीला वळसा घातला. शेवटचं झाड आलं तेव्हा ती वस्तीकडे तोंड करून रानात उभी राहिली आणि तिथून तिनं खिळा ठोकला. हिराजीनं विचारलं, बाहेरून का? ती म्हणाली, आतून बांधलेलं आतलंच माणूस सोडून टाकतं, ते हाक मारतं आणि तुम्ही सोडता. शेवटचा खिळा बाहेरूनच ठोकायचा असतो. मग तुझं काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती हसली. तिचं खोपटं रानातच होतं आणि रान तिला ओळखत होतं.

त्यानंतर सकाळी लोक शिवेवर जात, तर पलीकडच्या मातीत पावलं उमटलेली दिसत. खळ्यावर बैल गोल गोल फिरावेत तशी ती वस्तीभोवती फिरलेली असत. माणसाची म्हणावीत तर माणसाची नव्हेत. पण अलीकडे एकही नसे.

वर्षं गेली. घरं वाढली, भात पिकू लागला. बुधाबाई बायकांची बाळंतपणं करू लागली. या गावची पहिली सगळी लेकरं तिच्या हातात रडली. ती म्हातारी झाली तेव्हा बायकांनीच तिला हाताला धरून आत आणलं, एक खोली दिली, चूल मांडून दिली. आत येताना ती उंबऱ्यावर थबकली होती म्हणतात. “आता रान मले ओळखणार नाई,” एवढंच ती बोलली. बायकांना वाटलं, म्हातारीला खोपट्याची आठवण येते आहे.

इकडे हिराजीची नजर ओढ्याकाठच्या जमिनीवर गेली. काळी, ओली, पायाखाली दबणारी जमीन, आणि ती नेमकी शिवेच्या बाहेर. माणसाच्या डोळ्यांत जमीन शिरली की बाकी सगळं बाहेर पडतं. एके दिवशी बुधाबाई बाळंतिणीपाशी गुंतली असताना हिराजी आणि आणखी चार मालक गेले, त्या बाजूचे खिळे उपटले आणि ओढ्यापलीकडच्या झाडांना नेऊन ठोकले. सगळं तिच्यासारखंच केलं. तांदूळसुद्धा टाकले. फक्त शेवटचा खिळा ठोकायला रानात उभं राहायची एकाचीही छाती झाली नाही. त्यांनी तो आतूनच ठोकला.

आधी एक बैल गेला. मग गोपिका गेली. चांगली हसरी बाई होती. तिन्हीसांजेला तिच्या नवऱ्याचा आवाज ओढ्याकडून आला, “गोपिके, भारा उचलू लाग वं.” ती धावत गेली. थोड्या वेळानं नवरा दुसऱ्या वाटेनं घरी आला आणि विचारू लागला, गोपिका कुठं आहे? सकाळी तिचा विळा मिळाला. मातीत तिची पावलं एका जागेपर्यंत उमटली होती, पुढं काही नव्हतं.

मग रोज संध्याकाळी कुणाला तरी हाक येऊ लागली. मेलेल्या आया हाका मारू लागल्या. लोक लेकरांचे कान हातांनी दाबून बसू लागले. आणि एका संध्याकाळी हिराजीच्या दिवस भरलेल्या सुनेला तिच्या आईची हाक आली. ती उठली, चालू लागली, तिघींनी धरलं तरी आवरेना. शेवटी तिला खांबाला बांधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हिराजीनं बुधाबाईचे पाय धरले. तिनं त्याला शिवी दिली नाही. मी असतो तर दिली असती. तिनं फक्त खिळे परत आणायला लावले आणि ओढ्याची जमीन सोडून जुन्या जागी पुन्हा शीव बांधत ती निघाली. दम लागत होता, बायका पाणी देत होत्या. शेवटच्या झाडापाशी पोचेपर्यंत ऊन उतरलं. तिथं तिनं हातोडा हिराजीपुढं धरला.

“पाटील, जमीन तुमाले पाह्यजे होती. ठोका.”

हिराजीनं हातोडा घेतला. एक पाऊल बाहेर टाकलं. रानातून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याच्या बापाच्या आवाजात, लहानपणीच्या नावानं. तो वळला आणि हातोडा टाकून आत पळून आला. बाकीच्या मालकांकडे तिनं पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते, जिच्यासाठी एवढं केलं त्या जमिनीकडे.

तेव्हा बुधाबाईनं हातोडा उचलला.

“घरी जा, दारं लावा,” ती म्हणाली. “माहा आवाज आला तरी उघडू नोका. मी असली तरी उघडू नोका.”

लोक घरी गेले. ठक, ठक असा आवाज सगळ्या गावानं ऐकला. मग तो थांबला. आणि मग तिचा आवाज आला. “उघडा रे लेकरांनो. मी आली. भेव वाटते मले.” ती होती की ते होतं, हे कुणालाच कळलं नाही. तिच्या हातात जन्मलेली सगळी माणसं दारांच्या आत उभी होती. एकानंही कडी काढली नाही. हळूहळू आवाज लांब गेला.

सकाळी खिळा डोक्यापर्यंत आत गेलेला होता. झाडापाशी हातोडा होता. त्याच दिवशी हिराजीच्या सुनेला मुलगी झाली, आणि तिचं नाव बुधा ठेवलं, असं म्हणतात. मी त्या मुलीच्याच वंशातला. त्या दिवसापासून गावात कुणाला हाक आली नाही.

ओढ्याकाठची ती काळी जमीन आजही पडीक आहे. आम्ही तिला बुधाबाईचं वावर म्हणतो. जमिनीच्या मोजणीला माणसं आली की त्यांना चहा पाजतो आणि त्या बाजूला नेत नाही. नवं पीक आलं की पहिल्या तांदळाचा भात शेवटच्या झाडाखाली ठेवून येतो. आणि रोज दिवेलागणीला प्रत्येक घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस दारात उभं राहून म्हणतं, “बुधाबाई, आत ये वं माय.”

मनापासून म्हणतं हो. खोटं नाही त्यात काही. ती आत यावी असं आम्हाला खरंच वाटतं. पण उत्तराची वाट कुणी पाहत नाही.

बघा, उजेड गेला. या घरात आता सगळ्यात म्हातारा मीच आहे. मी हाक मारतो. माझं बोलणं संपलं रे संपलं की दार लावा.