कपाळावरची झावळी

फार मागे, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, एक हिरवी झावळी चर्चच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या डोक्यांवरून नाचत गेली. तिला ताठा चढला. मग फिलुबाय नावाच्या म्हाताऱ्या कोळणीने तिचा क्रूस वळून घरच्या भिंतीला लावला.

त्याच वर्षी पावसाळ्यात फिलुबायचा मुलगा होडीसकट बुडाला. म्हातारी रोज क्रूसापुढे बसून विचारी, "देवा, माझं काय चुकलं?"

"रोजचंच रडगाणं!" झावळी फणकारली.

"घे मिरवून," भिंतीवरची पाल म्हणाली. "राखेचा बुधवार आला की फादर तुला जाळणार."

"मला? मी तर देवाची!"

"म्हणूनच गं बाई. दुसऱ्या कोणाची राख लोक कपाळाला लावून घेतील?"

वर्ष सरत आले, घरोघरच्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये गोळा झाल्या आणि ही झावळीही खरोखरच आगीत पडली. "देवा, माझं काय चुकलं?" ती किंचाळली. उत्तर आले नाही. चिमूटभर राख उरली.

बुधवारी फादरांनी त्याच राखेने फिलुबायच्या कपाळावर क्रूस काढला. म्हातारी पुटपुटली, "देवा, माझं काय चुकलं?"

झावळीला आता ते रडगाणे वाटले नाही. सांगण्यासारखे तिच्याकडेही काही नव्हते. ती कपाळाला घट्ट चिकटून राहिली, आणि फिलुबायने दिवस मावळेपर्यंत तिला पुसले नाही.