झाकलेले डोळे

फार फार जुनी गोष्ट. समुद्राकाठच्या एका राज्यातलं जुनं चर्च भूकंपात कोसळलं. नवं उभं राहिलं, पण भिंतीवर चितारलेला नावाड्यांचा संत काही परत आला नाही. त्याचा चेहरा हुबेहूब आठवणारा एकच माणूस उरला होता. फरशांवर संतांची चित्रं काढून त्या भट्टीत भाजणारा म्हातारा. त्याचीही नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली.

चर्चमध्ये दिवाबत्ती करणारी थेक्ला रोज त्याच्या पडवीत जाऊन बसे. लहानपणापासून ती आपलं सुखदुःख त्याच संताला सांगत आलेली. आता रिकाम्या भिंतीशी काय बोलणार? आणि बाई भारी चौकस!

"बाबा, माती पांढरीच का? फरशीच्या पाठीवर रेघा कशाला?"

"भिंतीला घट्ट धरावं म्हणून. पोरी, तोंड दुखत नाही का गं तुझं?"

एके सकाळी फरशीवर तो चेहरा उमटला. तेच मोठाले डोळे! थेक्लाला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर काय, फरशी पांढरीफटक!

"अगं बाई! पुसलंत की काय त्यांना?"

"पुसतोय कशाला? वरून काचेचा लेप दिलाय. आच लागली की तो वितळेल आणि चेहरा लखलखीत दिसेल. तोवर हात लावू नकोस, खालचा रंग कच्चा आहे; लेप निघाला तर आचेत टिकायचा नाही."

"आणि नाहीच दिसला तर?"

"दिसतो गं. उभा जन्म हेच केलंय."

म्हातारा सरपण आणायला गेला. थेक्लाचे हात शिवशिवू लागले. नुसते डोळेच बघू, कुणाला कळतंय! तिने नखाने लेप खरवडला. डोळे दिसले आणि तिचा जीव भांड्यात पडला. नखाला लागलेला रंग तिने ओढणीला पुसून टाकला.

भट्टी निवल्यावर म्हाताऱ्याने फरशी बाहेर काढली. निळा झगा, सोनेरी प्रभावळ, सगळं कसं झळकत होतं! डोळ्यांच्या जागी मात्र कोरी, खडबडीत माती.

म्हाताऱ्याने त्यावरून बोट फिरवलं आणि तो काय ते समजला.

"बाबा, चुकलं माझं," थेक्ला हुंदके देत म्हणाली. "दुसरी करा ना!"

"आता मलाच धड दिसत नाही गं, पोरी."

फरशी तशीच भिंतीत बसवली. थेक्ला रोज तिच्यापुढे दिवा लावी, बोलायला तोंड उघडी, पण कुठे बघून बोलावं तेच तिला कळत नसे.

तात्पर्य : झाकलेलं म्हणजे हरवलेलं नव्हे; खात्री करायला खरवडलं, की हातचंही जातं.