फोनची ललकारी

भिवरगडच्या राजेसाहेबांचा फोन पुन्हा मेला, आणि मेला तोही भर भाषणात!

राजेसाहेब रणधवलराव शाळेच्या पटांगणात माईकसमोर उभे होते. भाषण फोनमध्ये लिहिलेलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या पूर्वजांनी..." एवढं म्हणाले आणि पडदा काळा झाला. पूर्वजांनी काय केलं, ते कुणाला कळलंच नाही. पोरांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. इतकं आटोपशीर भाषण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं!

संस्थान कधीच गेलं होतं, पण रुबाब तेवढा मागे राहिला होता. राजवाड्यात पाऊल टाकताच राजेसाहेब गरजले, "सगुणा!"

सगुणा म्हणजे दामू चोपदाराची लेक. बाप थकल्यापासून राजवाड्यातलं चहापाणी तीच बघायची. सरकारांचा फोन चार्जिंगला लावायचं कामही तिच्याचकडे.

"फोन चार्ज केला नव्हतास?"

"केला होता की, सरकार! सकाळी काठोकाठ भरून तुमच्या हातात दिला. पुढे कुठे सांडला, ते सरकारांनाच ठाऊक!"

कारभारी खासनीस लगबगीनं पुढे झाले. "सरकार, फोन म्हातारा झाला हो! आता टाकून द्या. नवा घ्या, चांगला तीन डोळ्यांचा!"

"म्हातारा झाला म्हणून टाकून द्यायचा? मग तुम्हाला अजून कशाला ठेवलंय, खासनीस?"

खासनीस दोन पावलं मागे सरले. राजेसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. हात मिशीवर गेला की काहीतरी अचाट हुकूम निघायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"ऐक, पोरी! उद्या हा फोन सकाळच्या पूजेपासून सांजवातीपर्यंत चालला पाहिजे. नवी बॅटरी घालायची नाही, दिवसा चार्जर लावायचा नाही, बंद करून ठेवायचा नाही. आणि मी मागेन तेव्हा माझ्या हातात आलाच पाहिजे! नाही जमलं, तर मी नवा फोन घेईन आणि तुम्ही बापलेकींनी वाड्यामागची खोली खाली करायची!"

दामू चोपदारानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आता या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठं जायचं गं?"

सगुणालाही रडू येत होतं. जन्म त्या खोलीत गेलेला! पण रडून बॅटरी थोडीच भरते? ती गुडघ्यांना मिठी मारून विचार करत बसली. विचार करता करता तिची नजर कोपऱ्यातल्या चांदीच्या काठीवर गेली. मग ती एकदम उठली. "आबा, उद्यापुरती तुमची काठी आणि पागोटं द्या मला."

सकाळी पूजा उरकून राजेसाहेब बाहेर आले, तर पागोटं बांधून, काठी धरून सगुणा समोर हजर! शेजारी चौरंगावर मखमल अंथरलेली आणि मखमलीवर फोन.

"हे काय सोंग?"

"सोंग कसलं, सरकार? राजाचा फोन राजासारखा यायला हवा. सदऱ्याच्या खिशातून खालीवर करायला तो काय तंबाखूची डबी आहे? चोपदाराच्या ललकारीनं आणते. तेवढी परवानगी असावी."

मानपान म्हटलं की राजेसाहेब लोण्यासारखे वितळायचे. "वा! मंजूर!"

आणि दोन मिनिटांत त्यांनी हात पुढे केला. "आण फोन."

"काय कारणानं, सरकार? ललकारीत कारण सांगावं लागतं. रीतच आहे तशी."

"किती वाजले ते बघायचंय."

सगुणानं काठी आपटली. "आस्ते कदमऽऽ! सरकारांचा फोन येतो आहे होऽऽ! किती वाजले ते बघायला येतो आहे होऽऽ!"

आचारी धावत आला, माळी आला, राजवाडा बघायला आलेले पाहुणेही गोळा झाले. त्यातली एक बाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "अगंबाई! हे काय समोर एवढं थोरलं घड्याळ!"

राजेसाहेबांनी हात मागे घेतला. पण सवय कुठली सुटायला? जरा वेळानं ते हळूच म्हणाले, "सगुणा, फोन."

"कारण, सरकार?"

"काल मिशीचा फोटो टाकलाय. किती अंगठे आले..."

"आस्ते कदमऽऽ! सरकारांच्या मिशीला अंगठे किती आले होऽऽ!"

माळ्यानं तोंडात टॉवेल कोंबला. राजेसाहेब कानापर्यंत लाल झाले. "हळू बोल की!"

"हळू बोलला तर तो चोपदार कसला, सरकार?"

तिसऱ्यांदा त्यांनी खुणेनंच तिला जवळ बोलावलं आणि कानात पुटपुटले, "बॅटरी किती उरली, तेवढंच बघतो."

"आस्ते कदमऽऽ! बॅटरी उरली का ते बघण्यात बॅटरी घालवायला सरकार..."

"नको! नको! राहू दे!"

मग राजेसाहेबांनी पेपर वाचला. बागेत गेले. खासनीसांना घराण्याच्या लढाया ऐकवल्या. खासनीसांना तेवढी शिक्षा झालीच! मधे एकदा फोन खणखणला. सगुणानं तो उचलून कानाला लावला. पण पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "गॅसवाले का? सिलिंडर कधी येणार?"

सांजवात लागली. खासनीसांनी चष्मा चढवून फोन उचलला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "सरकार! निम्म्याच्या वर बॅटरी शिल्लक आहे!"

राजेसाहेब ताडकन उभे राहिले. "तोच फोन! तीच बॅटरी! काय चेटूक केलंस, पोरी? या फोनला झालं होतं तरी काय?"

सगुणानं वाकून मुजरा केला.

"फोनला काही झालं नव्हतं, सरकार. फोनला सरकार झाले होते!"

खासनीसांनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेबांचा हात मिशीकडे गेला, पण वाटेतच थांबला. आधी पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"फोनला सरकार झाले होते! काय बोलली ही पोर! खासनीस, नवा फोन रद्द! मागची खोली आजच्या आज दामूच्या नावावर करा. आणि भिवरगडची चोपदारी आजपासून सगुणाकडे, पुऱ्या पगारासकट!"