ठकूबाईनं उलथलेली कढई

फार फार वर्षांमागं, आंबेसरी गावाला डोंगर जवळ होता आणि बाजार लांब, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई गवळण राहायची. दुधात बोट बुडवलं की दूध तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. कुणी पाणी घातलं असलं तर ती नुसती हसायची. "पाणी गोड आहे हो! चिंचेखालच्या विहिरीचं ना?" घालणाऱ्याची मान खाली जायची.

जत्रेत देवापुढं खिरीची कढई चढायची. सात वाड्यांचं दूध यायचं, आणि ठकूबाईनं पारखल्याशिवाय त्यातला थेंबही कढईत पडत नसे.

एका साली दुष्काळ पडला. गुरांची हाडं वर आली. तरी माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दूध आणलं. ठकूबाई पलीकडं भांडी बघत होती, तेवढ्यात तिचा सख्खा भाऊ धोंडू आला. ठकूबाईच्या माहेरचं दूध काय पारखायचं, म्हणून लोकांनी त्याची घागर तशीच कढईत ओतली. तिनं रिकाम्या घागरीत बोट फिरवलं आणि तिचा हात खांद्यापर्यंत गार पडला.

"दादा, म्हैस काय खाऊन आली?"

"मिळेल तो पाला. गवत उरलंय कुठं? ठकू, चारचौघांत माझी शोभा करू नकोस."

तिनं भावाकडं पाहिलं. पत्रावळी मांडून बसलेल्या पोरांकडं पाहिलं. आणि उकळती कढई उघड्या हातांनी उलथून टाकली.

दूध वाहिलं तिथली माती काळी पडली, मुंग्या माघारी फिरल्या, असं म्हणतात. लोक मात्र तिच्या अंगावर धावले. "पोरांच्या तोंडचा घास सांडलास!" तोच वाडीवरून हाक आली, धोंडूची म्हैस तडफडून मेली. तिच्या दातांत विषारी कण्हेरीचा पाला होता.

धोंडूनं पागोटं बहिणीच्या पायांवर ठेवलं.

"ऊठ दादा," ती म्हणाली, "पोरं उपाशी आहेत."

मग लोक घरी गेले आणि राखून ठेवलेलं गडूभर, वाटीभर दूध घेऊन आले. पण ठकूबाईचे हात सोलून निघाले होते. पारखणार कोण? तेव्हा एक म्हातारी पुढं झाली. आपल्या गडूतला घोट सगळ्यांदेखत प्याली आणि उरलेलं ओतलं. मागून सगळ्यांनी तसंच केलं. वाटीवाटीनं कढई काठोकाठ भरली, सात वाड्या जेवल्या तरी खीर उरली, असं म्हणतात.

आता आंबेसरीत डेअरी आहे, फॅट मोजायचं मशीन आहे. तरी रोज सकाळी दूध घालायला आलेला माणूस "ठकूबाईच्या नावानं" म्हणत आपल्या किटलीतला एक घोट आधी स्वतः पितो. मशीन त्यानंतर लागतं.